देणारा बी आत

आमचे फोंडूमामा सरकारी माणसाला पाणीसुद्धा हातात देत नसत. खानेसुमारीचे मास्तर कुंभारवाड्याचं रान तुडवत घामाघूम होऊन आले, तर मामांनी विहिरीकडे बोट केलं. "दोरी हाय, घागर हाय. वढा आणि प्या. म्या दिलं तर ती लाच."

"अहो, पाण्याची कसली लाच?"

"कायदा हाय मास्तर. घेणारा आत, देणारा बी आत!"

हे त्यांना बेळगावात कोर्टाबाहेर एका वकिलानं सांगितलेलं. त्यात कर्नाटकात लोकायुक्त आले हे रेडिओवर ऐकलं, आणि घरचंच कुणी मोठ्या जागेवर बसल्यागत मामा हिंडू लागले.

जंगलचा गार्ड आला की वाडीनं कोंबडा द्यायचा, ही आमची जुनी रीत. मामांनी त्याला अंगणातच अडवलं. "कोंबडा हाय. मागून तर बघ. बंगळुरात लोकायुक्त बसल्यात."

गार्ड हसला. "मामा, त्यास्नी कुंभारवाडा ठाऊक तरी हाय काय?"

"त्यास्नी नसंल. मला ते ठाऊक हाईत न्हवं!"

तेव्हापासून वाडीचे कोंबडे वाडीतच आरवतात. मला याचा आजही अभिमान आहे.

मामी गेल्यावर मामांना माझ्याशिवाय कुणी नव्हतं. त्यांच्याकडे राहूनच मी शिकलो, घराण्यातला पहिला बी.ए. झालो. जोयड्याला जंगल कचेरीत क्लार्क लागलो, तेव्हा त्यांनी साऱ्या वाडीला गूळ वाटला. पुढच्या रविवारी घरी गेलो, तर पुढ्यात ताटच नाही.

"वासे कुजल्यात, म्हणून लाकूड मागितलंय म्या. अर्ज तुझ्या टेबलावर हाय. निकाल लागंस्तवर हितं जेवायचं न्हाई."

"मामा, मी तुमचा भाचा!"

"म्हणून तर! भाच्यानं भात खाल्ला, मामानं लाकूड नेलं, असं व्हायचं न्हाई."

अर्ज रांगेत पडून होता. तो वर काढला असता तर मामांनी मला तुडवलं असतं. पावसाळाभर मी जायचो, ओट्यावर बसायचो, उपाशी परतायचो.

गणपतीची चवथ दोन दिवसांवर आली, तेव्हा मामा भिजत कचेरीत आले. थेट साहेबांपुढे उभे राहून कानडीत म्हणाले, "माझा अर्ज माघारी द्या."

"आणि वासे?" मी ओरडलोच.

"टेकू लावतो की." मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "चवथीला एकट्यानं जेवाय नको वाटतंय, बाबा. तू ये."

साहेब म्हैसूरकडचे, त्यांना मराठी कळत नव्हती. "काय म्हणतायत हे?" त्यांनी मला विचारलं.

मी आधी उठलो आणि मामांना माझी खुर्ची दिली.