पाहुण्यांचं पोर्ट

एका जंगलात सगळं काही होतं, मुलांनो. फक्त उन्हाळ्यात पाणी एकाच तळ्यात उरायचं. आणि ते तळं होतं नेमकं सीमेवर. पलीकडे दुसरं जंगल. तहान तिथेही होतीच.

पूर्वी या तळ्यासाठी रक्त निघेपर्यंत मारामारी व्हायची. पुढे प्राणी शिकले, सुधारले. आता दर चैत्रात ऑनलाइन लढाईचा एक सामना व्हायचा. जो जिंकेल त्याचं तळं. जो हरेल त्याने पावसाळ्यापर्यंत डोंगरापलीकडच्या नदीवर जायचं.

आपल्या जंगलाकडून शकू खार खेळायची. (मी 'आपल्या' म्हणतो, कारण हे प्राणी मला फार ओळखीचे वाटतात. हसू नका.) तिची बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला घेरी यावी.

यंदा सामना आपल्याकडे होता. म्हणून जंगलप्रमुख आबा अस्वल आणि त्यांच्या पत्नी गोदाकाकू नवा राउटर आणायला गेले. दुकानदार बगळ्याने पुष्कळ दाखवले. आबांनी सगळ्यात भयंकर दिसणारा उचलला.

काळाकुट्ट, जिथे तिथे कोपरे, लाल दिवे आणि आठ अँटेना. साळिंदर तर आपल्यातलंच कुणी वडीलधारं समजून त्याच्या पाया पडलं. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आबांनी एका अँटेनावर ओला पंचा वाळत घातला.

मागे चार साधी पोर्ट होती आणि एक लाल. लाल पोर्टावर प्लास्टिकचं टोपण होतं.

"हे गेमिंग पोर्ट," बगळ्याने बजावलं होतं. "यात ज्याची वायर, त्याचा खेळ सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांनी मागे थांबायचं."

शकू वायर घेऊन धावली. काकूंनी तिचा हात धरला.

"अगं अगं, ते चांगलं पोर्ट आहे!"

"म्हणूनच तर, काकू."

"चांगलं म्हणून रोज वापरायचं? आपण घरचेच. ते आल्यागेल्यासाठी राहू दे."

शकूने आबांकडे पाहिलं. आबा पंचा झटकू लागले.

इथे मी काकूंना मूर्ख म्हणणार होतो. पण आमच्याही कपाटात फुलाफुलांच्या कपबश्या आहेत. लग्नात आल्या होत्या. तेव्हा मी गप्प बसतो.

शकूला साधं पोर्ट मिळालं. बाकी तिन्हींत काकूंची मालिका, आबांचं कीर्तन आणि माकडांचं क्रिकेट. बिचारी त्यातही सराव करत राहिली.

सामन्याच्या दिवशी पलीकडच्या जंगलाचा खेळाडू आला. भिकाजीराव कोल्हे. स्वतःचं यंत्र बगलेत, चेहऱ्यावर नम्र हसू.

काकूंनी आधी पन्हं दिलं. मग पदराने लाल पोर्ट पुसलं आणि टोपण काढलं.

"भावजी, तुमची वायर इथे लावा."

"काकू!" शकू ओरडली. "तळं जाईल!"

"हळू बोल. पाहुण्यांसमोर असं बोलतात का?"

"अहो, मला कुठलंही चालेल," कोल्हा म्हणाला.

"छे, छे! आमच्याकडे पाहुण्याला साधं पोर्ट देत नाहीत," आबा म्हणाले.

"आता एवढा आग्रह करताय तर..." आणि कोल्ह्याने वायर खोचली.

सामना सुरू झाला. शकू उडी मारायची, पण पडद्यावरची शकू अजून विचारच करत असायची. तोवर कोल्ह्याची गोळी लागलेली असायची. तिकडे काकूंच्या मालिकेत सुनेने कपाळाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

कोल्हा जिंकला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला.

"पाहुणचार शिकावा तर तुमच्याकडून. उद्यापासून तळ्यावर येऊ नका हं."

दुसऱ्या दिवशी सगळे रिकामे हंडे घेऊन उन्हात डोंगर चढू लागले. शकूचे डोळे भरून आले होते. तिला हरल्याचं दुःख होतंच. पण मागे रडणाऱ्या तहानलेल्या पिल्लांचा आवाज तिला जास्त लागत होता.

काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस, बाळा. टोपण परत लावून ठेवलंय. ओरखडासुद्धा नाही!"

तात्पर्य : चांगली वस्तू नेहमी पाहुण्यांसाठी राखून ठेवावी. तळं जातं, पण वस्तू नवीच्या नवी राहते. (प्रस्तुत लेखकाने ही गोष्ट कान तुटलेल्या कपातून चहा पीत लिहिली आहे.)