मुखपृष्ठावरचे यजमान

"ही साठीची बाई आहे?" कादंबरीकारबाईंनी मुखपृष्ठाचं चित्र प्रकाशकांच्या टेबलावर आपटलं. "हिची कंबर बघा. माझ्या नायिकेच्या एका दंडात मावेल ही!"

"पण केस पांढरे काढलेत," प्रकाशक म्हणाले.

"एक बट पांढरी काढलीय. बाकीची पोरगी पंचविशीतली आहे. तिच्या डोक्यावर कुणीतरी चुना सांडल्यासारखी दिसतेय."

प्रकाशकांनी मान खाली घातली. एके काळी याच बाई सहा फुटी नायक आणि चाफेकळी नाकाच्या नायिका धडाधड लिहून देत. मग एका समारंभात सहीसाठी उभ्या असलेल्या सावळ्या, जाडसर वाचिकेने त्यांना हळूच विचारलं, "आमच्यासारखीला कधीच कुणी मिळत नाही का हो?" बाईंना त्या रात्री झोप लागली नाही. आणि तेव्हापासून प्रकाशकांनाही लागत नव्हती. बोलताना अडखळणारा नायक आला, पायाने अधू नायिका आली, कपडे धुण्याचं दुकान चालवता चालवता एकमेकांच्या प्रेमात पडलेले दोन पुरुष आले. बाई व्यासपीठावरून गर्जू लागल्या, "प्रेमकथा ही देखण्यांची जहागीर नाही!" प्रकाशकांनी सगळं गिळलं, कारण पुस्तकं खपत होती.

आता 'साठीतला शहारा' या नव्या कादंबरीत नायक बुटका आणि टकला होता, नायिका चांगली अंगापिंडाने भरलेली. बाईंनी फर्मान काढलं, "चित्र नकोच. खऱ्या माणसांचा फोटो हवा."

प्रकाशकांनी एका संस्थेकडून ज्येष्ठ मॉडेल मागवला. तो आला तो चंदेरी दाढी आणि शर्टात न मावणारे दंड घेऊन. बाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

"मग आणू कुठून हो बुटका, टकला, पोट सुटलेला माणूस?" प्रकाशक वैतागून म्हणाले.

"माझ्या घरी आहे एक," बाई म्हणाल्या.

यजमान पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा तोच पेपर. बायकोच्या पुस्तकांपैकी त्यांनी एकही वाचलं नव्हतं, पण सगळी ओळीने लावून ठेवली होती. ते म्हणाले, "बसायचंच आहे ना? बसतो की." नायिकेसाठी वरच्या मजल्यावरच्या कोचताईंना गळ घातली. त्या तलावावर पोहायला शिकवत. साठीच्या, सडाफटिंग, काळ्यासावळ्या, रुंद खांद्यांच्या, आणि हसल्या की खालच्या मजल्यापर्यंत ऐकू येणाऱ्या.

"बाई, तुम्हीच का नाही बसत?" फोटोग्राफरने विचारलं.

"लोक म्हणतील, आत्मचरित्र लिहिलंय."

दोघांना बागेतल्या बाकावर बसवून बाई भाषणाला निघून गेल्या. विषय होता, 'प्रेमकथेत सगळ्यांना जागा'.

पुस्तक छापून आलं आणि बाई पाहतच राहिल्या. बाकावर दोन डोकी जवळजवळ टेकलेली. यजमानांनी कोचताईंचा हात घट्ट धरलेला. आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, की ज्याचं वर्णन बाईंनी जन्मभर कादंबऱ्यांत केलं होतं, पण घरात कधी बघितलं नव्हतं.

पुस्तक तुफान चाललं आणि इमारतीत कुजबुज सुरू झाली. लिफ्टमध्ये बाई शिरल्या की बोलणं थांबायचं. औषधाच्या दुकानदाराने यजमानांना डोळा मारून "काका, मानलं बुवा!" म्हटलं. तलावावर कोचताईंच्या वर्गात अचानक साठीच्या पुढच्या पुरुषांची झुंबड उडाली. एका मुलाखतीत निवेदिकेने लाडात विचारलं, "मॅडम, मुखपृष्ठावरचं हे गोड जोडपं खरंखुरं आहे का?"

"त्यातलं अर्धं माझं आहे," बाई दातओठ खात म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी नणंदबाई बॅग घेऊन दारात.

"वहिनी, दादाने या वयात हे दिवे लावावेत आणि तुम्ही ते छापून आणावेत? विकता वर!"

"अहो वन्सं, ते फोटोपुरतं होतं."

"फोटोपुरतं? माझ्या लग्नात दादाला नुसतं हसायला सांगितलं होतं, तर दात दुखल्यासारखा चेहरा करून उभा होता. त्याला अभिनय येतो होय?"

हे मात्र बाईंच्या काळजात घुसलं. प्रेमाला वयाची, रंगाची, मापाची अट नसते, हे सगळ्या जगाला आपणच सांगितलं. ते यजमानांनी ऐकलं तर नसेल?

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, तुम्ही तिच्याकडे असं काय बघत होतात?"

"कुणाकडे?"

"कोचताईंकडे! बाकावर!"

"हां, ते." यजमान पाणी प्यायले. "तो फोटोवाला म्हणाला, आयुष्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट आठवा. मला माझी पहिली सायकल आठवली. हिरवी होती."

"आणि हात कशाला धरलात?"

"हँडल समजून."

नणंदेला ठसका लागला. बाई तडक वरच्या मजल्यावर गेल्या. कोचताई आपलं मनगट चोळत म्हणाल्या, "तरीच! वहिनी, भाऊजी मधूनमधून इतका जोरात दाबायचे, मला वाटलं, भावना अनावर झाल्यात. ब्रेक लावत होते होय!" आणि त्या अशा हसल्या, की खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ उठलं.

बाईंचा जीव भांड्यात पडला, पण समाधान काही होईना. सायकल ती सायकल. आपल्याकडे बघताना तेवढंही नाही? शिवाय लोकांची तोंडं बंद करायची होती. त्यांनी प्रकाशकांना कळवलं, पुढच्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर यजमान आणि त्या स्वतः. आत्मचरित्र म्हटलं तर म्हणू देत.

स्टुडिओत दोघं उभी राहिली.

"जवळ या," फोटोग्राफर म्हणाला. दोघं इंचभर सरकली. "अजून. काका, हात ठेवा ना."

"कुठे?" यजमानांनी बायकोला विचारलं.

बाईंच्या नायकांचे हात आपोआप जागेवर जात. इतक्या पुस्तकांत एकानेही विचारलं नव्हतं. शेवटी यजमानांनी हात बायकोच्या खांद्यावर ठेवला, बसमध्ये दांडी धरावी तसा.

"कॉलर नीट करा," बाई पुटपुटल्या.

"नीटच आहे. तू गॅस बंद केलास ना?"

"केला. आणि तुम्ही गोळी घेतलीत?"

"विसरलो."

"वाटलंच मला." बाईंनी पर्समधून गोळी काढली, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. यजमानांनी गोळी गिळली आणि बाटली परत देताना बाईंच्या चष्म्यावरचा डाग आपल्या शर्टाच्या टोकाने पुसला. तेवढ्यात फ्लॅश पडला.

आठवड्याने दोघं प्रकाशकांच्या कचेरीत बसली. प्रकाशक फोटो कधी जवळ धरत होते, कधी लांब.

"वय दिसतंय म्हणून नको म्हणताय?" बाईंनी बाह्या सरसावल्या.

"छे! वयाची आता सवय झाली."

"मग पोट?"

"पोट तर वाचक मागतात हल्ली."

"मग अडलंय कुठे?"

प्रकाशकांनी घाम पुसला. "बाई, राग मानू नका. हे दोघं नवरा-बायको वाटतात."

"आहोतच," यजमान म्हणाले.

"तेच ना! यांच्यात काही चालू आहे, असं वाटतच नाही."

बाईंनी फोटो ओढून घेतला. चष्मा पुसणारा तो बुटका माणूस आणि हातात झाकण धरून उभी असलेली ती बाई. मग बाईंच्या चेहऱ्यावर तेज चढू लागलं. प्रकाशकांना ते चांगलंच परिचयाचं होतं.

"हाच फोटो जाईल," बाई उठून उभ्या राहिल्या. "आणि कादंबरीही यांच्यावरच. आजवर प्रेमकथेत सर्वांत जास्त अन्याय कुणावर झाला असेल, तर तो लग्न झालेल्यांवर! शेवटच्या पानावर त्यांना माळा घालून हाकलून देतात!"

"बाई," प्रकाशक काकुळतीला आले, "जाडे छापले, काळे छापले, टकले छापले, लॉंड्रीवाले छापले. तुमच्या शब्दाबाहेर गेलो नाही कधी. पण नवरा-बायकोचं प्रेम? एकमेकांवरच? जरा समाजाची तयारी तरी बघा हो!"