मोघेजींच्या दोन ओळी

आमच्या चेरीताल मोहल्ल्याच्या गल्लीतले मोघेजी बातमी अर्धीच सांगतात. "काल नवरदेव भर मांडवातून उठला अन्..." बस्स, थांबतात. अन् काय? "पुढचं साइटवर."

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी जबलपूरच्या मराठी घरांची साइट काढली. ग्वारीघाटला नर्मदेचं पाणी किती चढलं, कोणाचं लग्न, कोण गेलं, सारं रोज सकाळी. आधी ते आख्खा मजकूर फीडनं पाठवायचे, म्हणजे आपोआप फोनवर यायचा. लोक घरबसल्या वाचत, साइटवर कोणी फिरकत नसे. जाहिराती साइटवर; तिथं माणूस आला तरच पैसे. साडीवाल्यानं जाहिरात काढून घेतली. दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत तर साइट बंद.

म्हणून त्यांनी फीड कापलं. दोनच ओळी. तोंडानं सांगायची बातमीही तशीच अर्धी केली. "लोकांना यायची सवय लागली पाहिजे, अप्पाजी!"

माझा जीव टांगणीला. मी चौथीपर्यंत शिकलेला. माझी बायको सुमन चहाबरोबर ते मोठ्यानं वाचायची. चैत्रात ती गेली. आता तिचा फोन घेऊन अक्षराखाली बोट ठेवत मीच वाचतो. साइट बंद झाली तर सकाळी उठायचं कशाला?

परवा माझ्या फाटकाशी शेजारच्या जोशीबाईंनी मोघेजींना धरलं. "काहून हो, दोन ओळी टाकून राहिले? भीक घालता का?"

"या न दीदी साइटवर. फुकट आहे."

मी मधेच बोललो, "मला तर पूर्ण येते."

मोघेजींचा चेहरा पडला. जोशीबाई पेटल्या. "अच्छा! यांना ताट अन् आम्हाला घास? उद्यापासून गल्लीतलं एक माणूस तुमचं वाचणार नाही!" गेल्या तणतणत.

"अप्पाजी, बुडवलं तुम्ही मला."

"मलाच काहून पूर्ण?"

"वहिनींच्या फोनचं फीड वेगळं ठेवलं. कापायला हात नाही झाला."

"ती गेली. तुम्हीच छापलं."

"माहीत आहे. वाचून झालं की त्या खिडकीतून हात हलवायच्या. तो दिसल्याबिगर मी चहा..."

मी थांबलो. पुढचं साइटवर आहे, असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी फोनवर सारं वाचलं. मग साइटवरही गेलो. एक माणूस तरी मोजला जावा. जोशीबाईंच्या दारात जाऊन म्हणालो, "चूक माझ्या तोंडाची, त्यांची नाही." त्यांनी दार लावून घेतलं.

घरी येऊन खिडकीत उभा राहिलो अन् हात हलवला. समोरच्या घरात मोघेजी आपल्या खिडकीशी उभेच होते. हातातल्या चहावर साय धरली होती.