बाई बोलावतील तो आत

आमच्या शनिवार पेठेतल्या लिमये डॉक्टरांकडे तीन नंबरनंतर अकरा नंबर आत जातो आणि अकरानंतर सात. दारात पत्र्याचे बिल्ले मिळतात, त्यांवर आकडे ठळक रंगवलेले असतात, पण त्यांचा क्रमाशी काही संबंध नसतो. बाहेरच्या टेबलाशी डॉक्टरांच्या पत्नी बसतात. त्यांना सगळे बाईच म्हणतात. बाई ज्याचा नंबर पुकारतील तो आत.

मी नवा होतो तेव्हा तक्रार केली होती. "डॉक्टर, माझा चौथा नंबर आणि मला नववा सोडलं."

डॉक्टर माझ्या दंडाला बीपीचा पट्टा आवळत म्हणाले, "बरं झालं. चौथे आला असतात तर एवढे तापला नसतात. बीपी नॉर्मल निघालं असतं आणि मी फसलो असतो."

गोळी लिहून दिली. ती मी अजून घेतो.

खरं कारण पुढे कळलं. बाईही डॉक्टर. बाकावरच्या चेहऱ्यांवरून नुसती नजर फिरवून कोणाला थांबवायचं नाही, हे त्या ओळखत. माझ्या सासऱ्यांना त्यांनी सतराव्या नंबरवरून उठवून आत पाठवलं होतं. सासरे कुरकुरत गेले, कारण नुसती ॲसिडिटी होती. तासाभरात ते हृदयाच्या डॉक्टरांपुढे आडवे होते. आज ठणठणीत आहेत आणि ती ॲसिडिटीच होती असं आजही म्हणतात.

लिमयांना स्वतःला डॉक्टर व्हायचंच नव्हतं. "मला नकाशे काढायला आवडायचे. वडिलांना माझे मार्क आवडायचे," एवढीच त्यांची हकीकत. मेडिकलला गेले आणि प्रेत फाडायच्या पहिल्याच तासाला भुईसपाट झाले. शेजारच्या टेबलाशी काम करणारी मुलगी धावत आली. "काय होतंय? खाऊन आला होतात का?" असं विचारून तिने डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पुढे केला.

"दुसऱ्या दिवशी मुद्दाम उपाशी गेलो," डॉक्टर सांगतात. "सगळं कॉलेज त्या लाडवांवर काढलं. डिग्री आपली त्याबरोबर आली."

त्यांच्या मुलीने, मुग्धाने, मात्र कॉमर्स घेतलं. घरात दोन डॉक्टर असले की आपल्या तापाला कोणी विचारत नाही, असं तिचं म्हणणं.

गेल्या वर्षापासून बाईंचे नंबर बिघडले. खरचटलेला गुडघा आधी जाऊ लागला आणि धाप लागलेल्या आजी मागे राहू लागल्या. एकदा बाईंनी बेचाळीस नंबर पुकारला. बिल्ले एकूण पंचवीस आहेत. बाईंना आता माणसं आठवत नव्हती, हे सगळ्यांनाच कळलं. डॉक्टरांनी टेबल हलवलं नाही. "बाई बोलावतील तो आत," एवढंच दारातून म्हणाले.

मग बाकावरच्या लोकांनी आपसांत सोय केली. बाई अकरा म्हणाल्या की अकरावाला गुपचूप आपला बिल्ला धाप लागलेल्या आजींच्या हातात देतो. वीतभर पार्किंगवरून दोन-दोन वर्षं अबोला धरणारी आमची पेठ, पण इथे कोणी चकार शब्द काढत नाही.

मुग्धा वारज्याला राहते. तिने मला गळ घातली. "काका, बाबांना तुम्हीच समजवा. कोणी खोळंबून दगावलं तर? आईला घरी बसू दे. नंबरांसाठी हल्ली ॲप असतं."

तिचंही चुकत नव्हतं. म्हणून एक दिवस दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या वेळेला गेलो. बाक रिकामा होता. पण बाई पुकारत होत्या, "सात नंबर. सात नंबर कोण आहे?"

आतून डॉक्टर आले. खोक्यातला सात नंबरचा बिल्ला शोधून त्यांनी हातात घेतला आणि बाकावर बसून म्हणाले, "मी आहे."

"नाव काय तुमचं?"

"माधव लिमये."

"लिमये? इथल्या पाटीवरही लिमयेच आहे."

"असेल. पुण्यात पुष्कळ आहेत."

"काय होतंय?"

"चक्कर येते."

"खाऊन आला होतात का?"

"नाही."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. सासऱ्यांना उठवलं होतं ती हीच नजर. मग खणातला डबा काढून त्यांनी एक लाडू पुढे केला.

"अहो, मग सातव्या नंबरपर्यंत थांबलात कशाला? तुम्हाला सगळ्यांच्या आधी आत पाठवलं असतं."

डॉक्टर मान खाली घालून लाडू खात राहिले. तेवढ्यात त्यांनी मला दारात पाहिलं.

"उभे काय राहिलात? बिल्ला घ्या आणि बसा."

मी आठ नंबर घेतला आणि त्यांच्या शेजारी बसलो. मुग्धाचा विषय मी काढलाच नाही.