तीन पावलांची सूट

बाजारात आपल्याला फसवणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय, असं घड्याळकाकू एक्केचाळीस वर्षं सांगत आल्या होत्या आणि त्यात खोटं काही नव्हतं. पातेलं वाजवून, कापड उन्हात धरून, चपला पायात घालून दुकानाला दोन फेऱ्या मारून मगच त्या वस्तू घ्यायच्या. न तपासता त्यांनी आयुष्यात एकच गोष्ट पत्करली होती, ती म्हणजे नवरा. तीही वडिलांच्या शब्दावर. नशिबाने ती बरी निघाली!

हा नवरा म्हणजे घड्याळजी. घरापासून तीन गल्ल्यांवर त्यांचं कपाटाएवढं दुकान होतं. भिंतीवर चाळीस घड्याळं, समोर एक टेबल आणि टेबलापाशी डोळ्याला भिंग लावून वाकलेले घड्याळजी. सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

गेल्या महिन्यात जिना चढताना त्यांना दम लागला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, "काळजीचं काही नाही. बसून बसून शरीर गंजलंय, एवढंच. किती चालतात, किती झोपतात, नाडी किती, हे महिनाभर मोजून आणा. हातावर बांधायचा पट्टा मिळतो. स्वस्तातला घेतलात तरी चालेल."

काळजीचं काही नाही, असं डॉक्टरने म्हटलं की काकूंची काळजी सुरू व्हायची. थोरल्या दिरांनाही असंच सांगितलं होतं. तेही धडधाकट होते. एका हिवाळ्यात दुपारी खुर्चीतच पेंगायला लागले, मग सकाळीही पेंगायला लागले, आणि झाडांना पालवी फुटायच्या आत खुर्ची रिकामी झाली. ती खुर्ची काकूंनी नंतर माळ्यावर टाकली, पण मनातून काही ती हलली नाही.

दुसऱ्याच दिवशी काकू पट्टा घ्यायला गेल्या. दुकानातल्या मुलीने सगळ्यात महागडा पट्टा काढला.

"आजी, हा रस्तासुद्धा दाखवतो."

"घर ते दुकान तीन गल्ल्या आहेत. चुकले तर मी शोधीन."

"याच्यावरून फोन घेता येतो."

"ते हातातला फोन घेत नाहीत, मनगटावरचा काय घेणार!"

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"चाललेलं, झोपलेलं आणि नाडी. आकडे मोठे दिसले पाहिजेत. आंघोळीत बिघडता कामा नये. रोज रोज चार्ज करायला लागू नये. बाकी काही नको."

मुलीने मुकाट्याने तीन साधे पट्टे समोर ठेवले. काकूंनी तिन्ही एकाच हातावर बांधले आणि "एक, दोन, तीन..." असं मोठ्याने मोजत दारापासून पैशाच्या गल्ल्यापर्यंत फेऱ्या सुरू केल्या! गिऱ्हाइकं भिंतीला चिकटली. शंभर पावलांनंतर एक पट्टा म्हणाला एकसष्ट, दुसरा म्हणाला एकशे चाळीस, तिसरा म्हणाला सत्त्याण्णव.

"हा द्या," तिसऱ्यावर बोट ठेवून काकू म्हणाल्या. "सगळ्यात स्वस्त आहे ना? तीन पावलांची सूट मी देते!"

मुलीने पट्टा काकूंच्या फोनला जोडून दिला. दिवसभराचं सगळं संध्याकाळी माणूस घरी आला की फोनमध्ये उतरेल, पावलांचा आकडा वर दिसेल आणि झोपेचा खाली, एवढं समजावलं. चालणं आणि नाडी काकूंनी तपासून घेतली. झोप तेवढी तपासायची राहिली. दुकानात उभ्या उभ्या झोपणार कशा?

घरी घड्याळजींनी पट्टा दोन बोटांत धरला, जणू कोणी त्यांच्या पानात खडा वाढला होता.

"यात चाकं आहेत?"

"नाहीत."

"स्प्रिंग?"

"नाही."

"मग हे मोजतं कशाने?"

"ती मुलगी म्हणाली, आपोआप."

"आपोआप फक्त धूळ बसते," घड्याळजी म्हणाले. पण काकूंचे डोळे भरून आलेले दिसले तसा त्यांनी डावा हात पुढे केला. "बांध. एका अटीवर. यात काय दिसलं ते मला सांगायचं नाही आणि त्यावरून मला काही विचारायचंही नाही. मी घड्याळांना प्रश्न विचारतो, घड्याळांनी मला विचारायचे नाहीत."

"नाही विचारणार!" काकूंनी शब्द दिला.

एक रात्र आणि एक दिवस भरल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसून फोन उघडला. झोप: तेरा तास दहा मिनिटं.

काकूंनी चष्मा पुन्हा पुसला. तेरा तास दहा मिनिटंच होती. रात्रीचे सात तास त्यांनी स्वतः घोरणं ऐकून मोजलेले होते. उरलेले सहा कुठले? दुकानातले!

समोर घड्याळजी शांतपणे जेवत होते. पूर्वी इतक्या शांतपणे जेवायचे का? काकूंना आठवेना. थोरले दीर मात्र असेच शांत जेवायचे, ते लख्ख आठवलं.

"आज काम होतं का हो फार?"

"नेहमीसारखं."

"डोळे... जड वगैरे?"

"अट," घड्याळजी म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी साडेतेरा तास! काकूंनी विचार केला, माणूस दिवसा झोपतो म्हणजे त्याची रात्रीची झोप पुरत नसणार. त्यांनी तिसऱ्या दिवशी रात्री आठलाच दिवा घालवला.

"आठ?" अंधारातून घड्याळजींचा आवाज आला. "अगं, चाळीसातलं एक घड्याळ तरी मला विचारून आठ वाजवतं का बघ!"

"झोपा म्हणते ना!"

बिचारे न हलता छताकडे बघत पडून राहिले. चौथ्या संध्याकाळी फोन म्हणाला, सोळा तास! आता काकूंनी आठचा दिवा तसाच ठेवून वर उलटा उपायही धरला. सकाळी दोन कडक चहा, डब्याबरोबर थर्मासमध्ये आणखी दोन. सोळाचे साडेपंधरा झाले. अर्ध्या तासाला चार कप!

त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"दिवसा सहा-सात तास झोपतात हो दुकानात!"

"त्यांना विचारलंत का?"

"विचारायचं नाही असं ठरलंय."

"घेऊन या मग."

"येणार नाहीत. कशाला जायचं ते सांगायचं नाही असंही ठरलंय."

"मग मी तपासू कुणाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पट्ट्याला?"

शेवटी काकूंनी आडवाट धरली. घड्याळजींच्या दुकानाला लागून एक सलून होतं. सलूनवाला मोठा बोलका माणूस. भिंतीला सुद्धा दिवसभराच्या बातम्या सांगायचा. घड्याळजी पोस्टात गेल्याची वेळ साधून काकू सलूनमध्ये शिरल्या. खुर्चीत तोंडाला साबणाचा फेस लावून कोणीतरी बसलं होतं. त्याचे फक्त दोन कान दिसत होते.

"एक खरं सांगाल? आमचे हे दुकानात झोपतात का हो?"

जन्मात कधी न अडखळलेला सलूनवाला अडखळला. वस्तरा हवेत थांबला.

"झोप? छे छे! कोण म्हणालं? मी काही बघितलं नाही, काकू! मी तिकडे बघतच नाही!"

"अहो, भिंत एक, दाराला लागून दार..."

"मान इकडेच असते माझी! हे बघा, अशी!"

हा माणूस लपवतोय! इतकं वाईट आहे की बायकोला सांगवत नाही! काकूंनी पदर डोळ्याला लावला. "थोरल्या दिरांचं असंच झालं हो. आधी दिवसा झोप... मग चार महिन्यांत..."

फेसातले दोन कान टवकारले. ते कान शाळेच्या हेडमास्तरांचे होते आणि हेडमास्तरांचं सोनेरी घड्याळ गेले तीन आठवडे घड्याळजींकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच हेडमास्तर पायरीवर हजर!

"घड्याळजी, तब्येत जपा हं. माझं घड्याळ जसं असेल तसं द्या."

"अहो, ते उघडून ठेवलंय. अठ्ठावीस तुकडे आहेत."

"पुडी बांधून द्या."

त्यांच्या मागे बँकेचा पहारेकरी, त्याच्या मागे दाई, तिच्या मागे बेकरीवाला. हेडमास्तर आदल्या दिवशी सलूनमधून शाळेत जाता जाता वाटेतल्या प्रत्येकाला हळू आवाजात सांगून आले होते. घड्याळजी दिवसभर झोपून असतात, हे पहारेकऱ्याने ऐकलं. दुकान विकायला काढलंय, हे दाईने. बेकरीवाल्याने तर येतानाच मुद्रा गंभीर करून आणली होती. समोर साक्षात घड्याळजी उभे बघून तो दोन पावलं मागे सरला! दुपारपर्यंत सतरा घड्याळं परत गेली. त्यातली नऊ पुड्यांतून.

संध्याकाळी घड्याळजी घरी आले आणि चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"मी मरायला टेकलोय, हे गावाला कळलं. मलाच तेवढं कोणी सांगितलं नव्हतं."

काकूंनी शब्द दिला होता. तो आठवडाभर पोटात धरून ठेवला होता. आता तो फुटला. सोळा तास, साडेपंधरा तास, थोरले दीर, ती खुर्ची, सगळं हुंदक्यांबरोबर बाहेर आलं. "तुम्हीही तसेच जाणार, आणि मला विचारायचीसुद्धा बंदी!"

घड्याळजींनी फोन हातात घेतला. पडद्यावरचे झोपेचे निळे पट्टे एकेक करून बघितले. चिडतील असं काकूंना वाटलं होतं. पण त्यांनी चप्पल काढली, शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "वेडी आहेस. उद्या दुकानात ये. माझ्यासमोर बस. फोन घेऊन."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता काकू स्टुलावर बसल्या. घड्याळजींनी हेडमास्तरांच्या घड्याळाची पुडी परत मागवली होती. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, डाव्या चिमटीत घड्याळ धरलं आणि उजव्या हाताने मुंगीच्या डोळ्याएवढा स्क्रू उचलला.

काकूंनी एक्केचाळीस वर्षांत त्यांना असं काम करताना समोर बसून कधी बघितलं नव्हतं. डबा द्यायचा आणि परतायचं, एवढंच. डावा हात! तो हात हलत नव्हता. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. श्वासाने छाती हलायची, पण मनगट जागचं हलायचं नाही. जणू टेबलाला खिळा मारून ठोकलं होतं. आणि मांडीवरच्या फोनवर निळा पट्टा सुरू झाला होता: गाढ झोप.

"अहो!" काकू ओरडल्या. "तुम्ही झोपला आहात!"

"हूं," घड्याळजी भिंगाआडून म्हणाले. "हात थरथरला तर स्क्रू उडतो, आणि स्क्रू उडाला तर मी दिवसभर जमिनीवर रांगतो. म्हणून हात झोपवतो. मी जागा असतो."

काकू हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. छातीवरची धोंड आठवड्याने उतरली. त्यांनी लगेच सलूनच्या दारात जाऊन जाहीर केलं, की आमचे हे ठणठणीत आहेत आणि ज्याला शंका असेल त्याने येऊन हात बघावा! एक वाजेपर्यंत पहारेकरी घड्याळ परत देऊन गेला. दाईही आली. हेडमास्तरांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली: घाई नाही, सावकाश करा.

दोघांनी मिळून डबा खाल्ला. दोन वाजायला आले तसे घड्याळजी चुळबुळायला लागले.

"तू घरी जा आता. कंटाळली असशील."

"छे! मला छान वाटतंय."

"ऊन होईल."

"छत्री आणलीय."

चाळीस घड्याळांनी एकामागून एक दोन वाजवले. घड्याळजींनी भिंग लावलं आणि ते टेबलावर वाकले. काकूंनी कौतुकाने बघितलं. काय ती एकाग्रता! पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, "चहा सांगू?" उत्तर नाही. "अहो, चहा?"

भिंगाच्या मागून एक बारीक शिट्टी आली. मग घोरणं!

डावा हात टेबलावरून घसरून खाली लोंबला आणि प्रत्येक घोरण्याबरोबर घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे झुलायला लागला. काकूंनी घाबरून फोनकडे बघितलं. निळा पट्टा कधीच थांबला होता. पावलं भराभरा वाढत होती!

सलूनवाला दारातून डोकावला आणि त्याने ओठांवर बोट ठेवलं. "हळू, काकू. तीनपर्यंत उठत नाहीत."

"कधीपासून हे?"

"मी दुकान घेतल्यापासून बघतोय. तेवीस वर्षं झाली. माझ्या आधीचा म्हणायचा, त्याच्याही आधीपासून. माझ्याकडून वचन घेतलंय त्यांनी, काकूंना कळता कामा नये म्हणून. या तासात मी कात्रीसुद्धा हळू चालवतो."

तेवीस वर्षं! म्हणजे आजार नक्की नव्हता. काकूंनी सुटकेचा मोठा श्वास सोडला. पण तो अर्धा बाहेर पडतो न पडतो तोच त्यांच्या कपाळाला आठी पडली. लग्न झाल्यापासून त्या एक दिवस दुपारी आडव्या झाल्या नव्हत्या! तिकडे माणूस डोळे फोडून राबतोय आणि आपण कसं पडायचं, म्हणून उन्हाळ्याच्या भर दुपारीही त्या भिंतीला टेकून धान्य निवडत बसायच्या. एक्केचाळीस वर्षं!

त्यांना उठवून जाब विचारावा, असं काकूंच्या मनात आलं. त्या उठल्याही. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, त्यावर पाय ठेवले आणि भिंतीला डोकं टेकलं.

महिनाअखेरीला डॉक्टरीणबाईंनी फोनवरची रोजची नोंद बोटाने सरकवत सरकवत पाहिली.

"झोपेचं काही खरं नाही, ते सोडून द्या. पण चालणं छान आहे! आणि वेळ किती नियमित पाळलीय. रोज दुपारी दोन ते तीन. यात खंड पडू देऊ नका."

घड्याळजी खिडकीबाहेर बघायला लागले.

"आणि काकू, तुम्हीही जात जा ना बरोबर."

"जाते की," काकू खाली बघत म्हणाल्या. "आता रोज जाते."