डावा कोपरा, उजवा कोपरा

बाळारामदादांनी कुठल्याही पोराला "दुखतंय का" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. सुकापूरच्या मैदानावर ते कबड्डी शिकवत, आणि कबड्डी खेळणाऱ्याचा न दुखणारा अवयव शोधावा लागतो. एखादा पोरगा गुडघा धरून लंगडत आला की दादा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. "दुखतं ते कुनी पन सांगंल," ते म्हणत. "दुखत नाय ते सांग." पोरगा विचारात पडायचा आणि त्या नादात गुडघा विसरायचा.

मी बंदरावर क्लार्क. इथे फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरी मैदानाकडे आहे, हवा छान येते, असं बिल्डरने सांगितलं होतं. हवेबरोबर पहाटे दादाही येतात, हे त्याने सांगितलं नाही. दादा मूळ गावातले. आमची बिल्डिंग उभी आहे तिथे पूर्वी त्यांचं भाताचं शेत होतं, त्यामुळे आवाज कमी करा असं सांगायला कोणी धजत नसे. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, अंगावर बारा महिने हाफ पँट. शिट्टी मात्र त्यांनी गळ्यातल्या सोन्याच्या साखळीत ओवलेली. दोऱ्यात ओवली तर माणूस कुठेही विसरतो, सोनं विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खेळाआधी दादांचं भाषण असे. विषय एकच. वयात आलेल्या पोरांनी गरम पाण्याची आंघोळ झाली की आपले वृषण आपल्या हाताने तपासावेत. तिथला कॅन्सर म्हातारपणाची वाट बघत नाही, तरण्या पोरांनाच गाठतो. वेळेवर कळला तर बहुतेक बरा होतो, आणि लाजत बसलं तर मग कठीण.

'वृषण' हा शब्द त्यांनी कुठल्याशा डॉक्टरकडून आणला होता. पहिल्या भाषणात त्यांनी पुढच्या रांगेतल्या पोराला विचारलं, "वृषण तपासतोस काय रं?" तो म्हणाला, "दादा, माझी मेष. वृषभ ह्याची आहे." शेजारच्याने मान हलवून दुजोरा दिला.

गावात दुसरा शब्द होता, सगळ्यांना कळणारा. पण मैदानाच्या कडेने पोरांच्या आया चालायला येत. मग दादांनी कबड्डीतला शब्द घेतला. बचावाच्या रांगेत दोन टोकांना दोन गडी उभे असतात, डावा कोपरा आणि उजवा कोपरा. झालं, तेव्हापासून मैदानावर 'कोपरे' म्हणजे ते. "एक कोपरा जरा खाली असतो, त्याला घाबरायचं नाय," दादा समजावत. "आपला उजवा कोपरा तरी कवा लायनीत उभा ऱ्हातो? पन तांदळाच्या दान्याएवढं जरी कडक लागलं, तर मला नायतर बापाला सांगायचं. दुखत नाय म्हून गप ऱ्हायचं नाय."

पोरं फिदीफिदी हसत. दादा हसू संपेपर्यंत थांबत आणि पहिल्यापासून सुरू करत.

माझा मुलगा निनाद तेव्हा दहावीत होता. तो एकदा आईला म्हणाला, "दादांनी आंघोळ करताना कोपरे तपासायला सांगितलेत." बायको खूश झाली. त्या दिवशी तिने बाथरूममध्ये एक जुना ब्रश नेऊन ठेवला. माणूस अडाणी दिसतो पण पोरांना स्वच्छतेचं वळण लावतो, असं ती शेजारणींना सांगत असे. मला खरा अर्थ ठाऊक होता. पण कोपरे खरोखरच स्वच्छ होऊ लागले होते, म्हणून मी बोललो नाही.

एका संध्याकाळी दादा आमच्या दारात उभे, मागे निनाद. आमच्याकडे ते कधी आले नव्हते. बायकोने बसा म्हटलं, तरी उभेच राहिले.

"वयनी, निनादचा डावा कोपरा मोठा लागतोय. त्यानंच आता मला सांगितलं. दुखत नाय, बोलतो."

बायकोने निनादला पुढे ओढलं, त्याचा डावा हात धरला आणि कोपरात दोनदा दुमडून सरळ केला. "दुखत नाही ना?" ती म्हणाली. "मग झालं तर. चहा टाकते."

दादा मटकन खाली बसले. सोफा जवळच होता, तरी फरशीवर बसले. मग त्यांनी गावातला शब्द वापरला. तोच, सगळ्यांना कळणारा, आमच्या हॉलमध्ये, बायकोसमोर. निनाद भिंतीकडे बघायला लागला. बायको गॅस बंद करून आली आणि म्हणाली, "चहा राहू दे. आत्ताच्या आत्ता निघा."

पनवेलला दादांच्या गाडीतून गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच सोनोग्राफीला पाठवलं. निनाद आत गेला. बाहेरच्या बाकावर दादा आणि मी. दादांनी कधीतरी शिट्टी तोंडात धरली होती, आणि त्यांच्या प्रत्येक श्वासाला ती बारीक वाजत होती. समोर 'शांतता राखा' अशी पाटी होती. पाटीखालची बाई दोनदा उठली, दादांचं तोंड बघून दोनदा बसली.

डॉक्टर म्हणाले, "गाठ नाही. नुसतं पाणी साठलंय, साधी गोष्ट आहे. पण मुलाने सांगितलं ते फार बरं केलं. या वयात सांगत नाहीत."

बाहेर आलो. मला तिथल्या तिथे कोणालातरी पेढे वाटावेसे वाटत होते. दादा गाडीत बसले, किल्ली लावली आणि हात तसाच राहिला. गाडी काही सुरू करेनात.

मागच्या सीटवरून निनादने विचारलं, "दादा, काय झालं?"

"काय नाय."

"दुखतंय का कुठे?"

"नाय रं."

"मग सांगा," निनाद म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. दोन वर्षं त्याला हेच शिकवलं गेलं होतं.

दादा समोरच्या काचेकडे बघतच बोलले.

"विलास, माजा धाकटा भाव. डावा कोपरा खेलायचा, माज्याच हाताखाली. तुझ्यापरीस थोडा मोटा. येक दिस आंघोल करून आला नि बोलला, दादा, हितं कायतरी कडक लागतंय. मी इचारलं, दुखतं काय? नाय, बोलला." दादांनी दुसऱ्या हाताने गळ्यातली शिट्टी धरली. "मी बोललो, दुखत नाय ना? मग झालं तर. चल, शिट्टी झाली."

मला रडू आवरेना. शेजारी बसून मी रुमाल शोधत राहिलो.

कोपऱ्यातला गडी एकट्याने पकड करायला जात नाही, शेजारच्याचा हात धरून उभा राहतो. ते दादांनीच शिकवलं होतं. निनाद मागून पुढे वाकला आणि त्याने दादांचा किल्लीवरचा हात मनगटाशी घट्ट धरला. त्याने तो सोडेपर्यंत दादांनी गाडी सुरू केली नाही.