आल्गोलची खंडेनवमी

"विमानाच्या पंखाचं गणित करावं तर आल्गोल भाषेतच! फोर्ट्रान वाण्याच्या दुकानात चालेल!" मल्लेश्वरमच्या त्रिविक्रमने कचेरीत छाती ठोकून सांगितलं.

नव्या कॉम्प्युटरसाठी भाषा निवडायचं काम साहेबांनी त्याच्यावर सोपवलं होतं. "दसरा झाला की दोन्ही चालवून दाखवा. यंत्र अडलं, तर तुम्ही आणि तुमचं ते हँडलवालं गणनयंत्र!" ते हँडल फिरवून त्रिविक्रमचा खांदा आधीच निखळायला आला होता. सुट्टीत तपासायला त्याने दोन्ही भाषांतले प्रोग्राम, म्हणजे भोकं पाडलेली कार्डं, घरी आणली. आल्गोल ऐटीत टेबलावर ठेवलं. फोर्ट्रान मुद्दाम चपलांच्या रिकाम्या खोक्यात कोंबलं!

खंडेनवमीला तो आंघोळ करून येतो, तर देवघरात शिवणयंत्र, विळी, सायकलचा पंप आणि शेजारी आल्गोल! त्याच्या बायकोने, सकवारबाईने, एकेका कार्डाला ओलं गंध नि हळदकुंकू लावलं होतं.

"अगं, काय केलंस हे!"

"ज्याच्यावर पोट चालतं, त्याची पूजा नको? एकही सोडलं नाही हो!" ती कौतुकाने म्हणाली. "दुसरी तेवढी राहिली. चपलांचं खोकं देवापुढे कसं ठेवू?"

कार्डं वाळली ती पापडासारखी वाकडी होऊन. त्रिविक्रमने इस्त्री फिरवली, तर कुंकू इस्त्रीलाच चिकटलं!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चपलांचं खोकं काखोटीला मारून तो कचेरीत गेला. "आधी फोर्ट्रान घेतो, सर."

यंत्राने खडखडत सगळी कार्डं गिळली आणि उत्तर दिलं. हाताने काढलेल्या उत्तराशी ते तंतोतंत जुळलं!

"शाब्बास! आता आल्गोल?"

त्रिविक्रमच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्यात यंत्र चालवणारा आप्पाजी म्हणाला, "ते होत नाही, सार! आल्गोल समजावून देणारा प्रोग्राम अजून मद्रास बंदरातच अडकलाय. सध्या यंत्राला फोर्ट्रान तेवढं कळतं."

"म्हणून तुम्ही फोर्ट्रान आधी घेतलंत! वा, काय दूरदृष्टी! ठरलं, फोर्ट्रानच!" साहेबांनी पाठ थोपटली, तीही दुखऱ्या खांद्यावर. पण त्रिविक्रमचा जीव असा भांड्यात पडला, की दुखलंसुद्धा नाही!

खोकं घेऊन तो घरी आला, तर सकवारबाई दारातच उभी होती. "पावली ना पूजा?"

"पावली गं बाई, पावली!"

"सरी, बरं झालं! मग त्या बिचाऱ्या दुसऱ्या कार्डांनाही आत्ताच स्वल्प गंध लावते."

त्या दिवशी त्रिविक्रम चपलांचं खोकं मांडीवर घेऊन जेवला.